अंगणातली बालवाडी

१९४५ साली ताराबाई मोडक डहाणू तालुक्यातल्या बोर्डी गावात ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू करायला आल्या, तेव्हा त्या त्रेपन्न वर्षांच्या होत्या. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेकांसोबत केलेलं काम, १९२६ साली स्थापन झालेला नूतन बालशिक्षण संघ, ‘शिक्षणपत्रिका’ मासिकाचं संपादन, दादरचं शिशुविहार एवढं सगळं त्यांच्या पाठीशी होतं. मॉंटेसरींची पद्धत आपल्याकडच्या मुलांना कशी मानवेल, याचा त्यांच्याइतका खोल विचार त्या काळी फार थोड्यांनी केला होता. पण हे काम मुख्यतः शहरातल्या, दोन वेळच्या जेवणाची भ्रांत नसलेल्या घरांत पोचलं होतं. खेड्यातल्या गरीब मुलाला बालशिक्षण मिळत नाही, तोवर हे काम अर्धंच आहे, हे त्यांना टोचत होतं. सोबतीला अनुताई वाघ होत्या. पस्तिशीच्या, तेराव्या वर्षी वैधव्य आलेल्या आणि त्यानंतर जिद्दीने शिकून शिक्षिका झालेल्या.

गावात बालवाडी सुरू झाली. दार सगळ्यांना उघडं होतं, फी नव्हती, मनाई नव्हती. तरीही त्या काळी हरिजनवाडा म्हटल्या जाणाऱ्या वस्तीतली मुलं येईनात. यावर एक सोपं उत्तर तयारच असतं, आजही असतं: ‘आम्ही दार उघडं ठेवलंय, त्यांनाच शिक्षणाचं महत्त्व नाही, त्याला आम्ही काय करणार?’ ताराबाईंनी हे उत्तर स्वीकारलं नाही. मुलं बालवाडीत येत नसतील तर बालवाडी मुलांकडे जाईल, असं त्यांनी ठरवलं आणि वस्तीत, घरांसमोरच्या अंगणात बालवाडी भरू लागली. तिला अंगण बालवाडी म्हणत. पुढे देशभर रुळलेल्या ‘अंगणवाडी’ या नावाचं मूळ याच प्रयोगात असल्याचं सांगितलं जातं.

बालशिक्षणातल्या आदराची मला माहीत असलेली ही सर्वात स्पष्ट व्याख्या आहे. कुणी कुणाकडे चालत जायचं, हा प्रश्न त्या अंगणात सुटला. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना गावाच्या मध्यापर्यंत येताना अंग चोरावं लागलं, त्यांच्या तीन-चार वर्षांच्या लेकरांनी पुन्हा तेच अंतर एकट्याने कापावं, अशी अपेक्षा ठेवण्यात समानता नव्हती. त्या लेकरांना ते अंतर दिसत नसेल, पण त्यांच्या आयांना दिसत होतं.

अंगणात गेल्यावर बाकीचं सगळं बदलावं लागलं. महागडी मॉंटेसरी साधनं तिथे परवडणारी नव्हती आणि त्या मुलांना ती परकीही होती. मग समुद्रकाठचे शंख-शिंपले, चिंचोके, बिया, पानं, काड्या हीच साधनं झाली. मोजायला शिंपले, रंग ओळखायला फुलं-पानं. पैसे वाचले हे खरंच, पण त्याहून मोठी गोष्ट अशी, की मुलाच्या घराभोवती जे पडलेलं असतं तेही शिकण्याच्या योग्यतेचं आहे, हे न बोलता त्याला कळलं. मुलांना आंघोळ घालणं, नखं कापणं, केस विंचरणं हादेखील बालवाडीच्या कामाचाच भाग होता. ‘शी, किती घाण!’ म्हणून मुलाला बाजूला बसवणं आणि त्याला मांडी घालून समोर बसवून त्याच्या केसांतली जट सोडवणं, या दोन्हींत स्वच्छतेचाच धडा आहे. मात्र पहिल्या धड्यात मूल आपली लाज शिकतं आणि दुसऱ्यात आपलं मोल. जातीचा विटाळ मानणाऱ्या समाजात एका शिक्षिकेने अस्पृश्य मानलेल्या मुलाच्या अंगाला साबण लावणं ही किती मोठी गोष्ट होती, याची कल्पना आज आपल्याला नीट येणार नाही.

१९५७ साली काम कोसबादच्या टेकडीवर गेलं. हा वारल्यांचा मुलूख. १९४५ मध्येच याच पट्ट्यात गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारली वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले होते. ज्यांच्या आईबापांना काल-परवापर्यंत जमीनदाराच्या शेतात फुकट राबवलं जात होतं, अशी ही मुलं. त्यातली कित्येक गुरं राखायला जात आणि कित्येक मुली धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन घरी थांबत. ताराबाई आणि अनुताईंनी पुन्हा तोच मार्ग धरला. गुरांमागे जाणारी मुलं शाळेत येऊ शकत नाहीत, म्हणून शाळा कुरणावर नेली आणि तिचं नाव झालं कुरणशाळा. मुली भावंडांमुळे अडकतात, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून विकासवाडी उभी केली. धाकटं पाळण्यात, मधलं बालवाडीत, थोरली वर्गात. या मुलींवर ‘गैरहजर’ असा शिक्का मारून हजेरीपट मिटता आला असता. बहुतेक ठिकाणी तसंच होत होतं.

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळालं, अनुताईंना १९८५ साली पद्मश्री. त्यांच्या नावाचे पुरस्कार आपल्याकडे आहेत. त्यांनी केलेली मूळ गोष्ट मात्र आपण पुरेशी उचलली नाही, असं मला वाटतं. ती गोष्ट अशी: भेदभाव दूर करायचा तर आधी मोठ्या माणसांनी केलेली मांडणी बदलायची. मुलांना उपदेश करण्याची वेळ नंतर येते आणि मांडणी बदलली असेल तर बहुधा येतच नाही.

‘एवढ्याशा पोराला जातपात काय कळते?’ असं आपण सहज म्हणतो. लहान मूल निरागस असतं, भेद त्याच्या गावीही नसतो, अशी आपली समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. बाळं माणसांचे चेहरे फार लवकर वेगळे ओळखू लागतात. नुकत्याच जन्मलेल्या बाळाला कोणत्याही वर्णाचा चेहरा सारखाच, पण तीन महिन्यांचं होईतो ते आपल्या भोवतीच्या लोकांसारख्या चेहऱ्याकडे जास्त वेळ पाहू लागतं, असं प्रयोगांत दिसलं आहे. पण इस्रायलमध्ये इथिओपियाहून आलेल्या कुटुंबांची जी बाळं दोन्ही वर्णांच्या माणसांत वाढत होती, त्यांच्यात ही आवड-निवड दिसली नाही. बाळाची नजर जन्मतः पक्षपाती नसते. आपण तिच्यासमोर कोणाला आणतो आणि कोणाला आणत नाही, त्यावर ती घडते.

फरक दिसणं हा दोष नाही. कोणत्या फरकाला किंमत आहे, हे मात्र मूल आपल्याकडून शिकतं. रेबेका बिगलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा सुरेख माग काढला. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना तीन आठवडे लाल किंवा निळा टी-शर्ट घालायला दिला. काही वर्गांत शिक्षिकांनी त्या रंगांचा उल्लेखच केला नाही. काही वर्गांत मात्र लाल-निळ्याचा वापर केला: लाल मुलं इकडे, निळी मुलं तिकडे. शिक्षिकांनी कोणत्याच रंगाला चांगलं-वाईट म्हटलं नव्हतं. तरीही रंगावरून विभागणी झालेल्या वर्गांत मुलांचा आपल्या रंगाकडे कल जास्त वाढला. वर्गाच्या मांडणीने त्यांना सांगितलं होतं की हा फरक महत्त्वाचा आहे, आणि मुलांनी ते खरं मानलं.

आता आपल्या बालवाडीतलं रोजचं वाक्य आठवा: ‘चला, मुलींची एक रांग, मुलांची एक रांग.’ दिवसातून चार-पाच वेळा, वर्षानुवर्षं. खाऊ घेताना, शी-शूला जाताना, गाणी म्हणताना. बाईंचा हेतू केवळ शिस्तीचा असतो, यात शंका नाही. पण शर्टाच्या रंगाने तीन आठवड्यांत जे होतं, ते या रांगांनी तीन वर्षांत किती होत असेल? मग त्यावर ‘मुलीसारखा काय रडतोस?’ आणि ‘मुलगी असून एवढी मस्ती?’ यांचे थर चढतात. २०१७ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या एका अमेरिकी अभ्यासात पाच वर्षांच्या मुली आणि मुलगे दोघेही ‘खूप खूप हुशार माणूस कोण?’ या प्रश्नावर आपापल्या लिंगाचं माणूस दाखवत होते. सहाव्या-सातव्या वर्षी मुलींचं उत्तर बदललं. ‘हा खेळ फार हुशार मुलांसाठी आहे’ असं सांगितलं की त्या वयाच्या मुली त्यातून अंग काढून घेऊ लागल्या. पाच आणि सहा यांत एका वर्षाचं अंतर असतं. आपल्याकडे त्याच वर्षी मूल अंगणवाडीतून पहिलीत जातं.

रांग लावायचीच असेल तर ती नावाच्या पहिल्या अक्षराने लावता येते, आज कुणी पिवळं घातलंय त्यावरून लावता येते, कुणाला आंबा आवडतो आणि कुणाला फणस यावरून लावता येते. विभागणी रोज बदलली की ती कुणाच्या अंगाला चिकटत नाही. यासाठी एक पैसाही लागत नाही. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात आई-बाबा दोघे मिळून भाजी निवडतानाचं चित्र आलं, तेव्हा त्याची बातमी झाली होती. चित्र अगदी योग्य होतं. मात्र पुस्तक दुसरीत हातात पडतं आणि घरातली भाजी कोण निवडतं हे मूल त्याच्या कितीतरी आधी पाहून बसलेलं असतं. म्हणून अंगणवाडीतल्या भातुकलीच्या कोपऱ्यात मुलग्यांनाही पोळपाट-लाटणं मिळालं पाहिजे, तेही कुणी न हसता.

रांग डोळ्यांना दिसते, नजर दिसत नाही. तेव्हा येल विद्यापीठात असलेल्या वॉल्टर गिलियम यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास मला फार अस्वस्थ करतो. पूर्वप्राथमिक शिक्षकांना मुलांच्या खेळण्याची चित्रफीत दाखवली आणि सांगितलं, ‘यात कुणी त्रासदायक वागायला लागलं तर टिपा.’ चित्रफितीत चार मुलं होती: एक कृष्णवर्णीय मुलगा, एक कृष्णवर्णीय मुलगी, एक गोरा मुलगा, एक गोरी मुलगी. खोडी कुणीच काढत नव्हतं. शिक्षकांचे डोळे कुठे जातात हे यंत्र टिपत होतं. ते सर्वात जास्त वेळ कृष्णवर्णीय मुलावर खिळले होते, आणि यात स्वतः कृष्णवर्णीय असलेले शिक्षकही होते. शिक्षक दुष्ट नव्हते. खोडी शोधायला सांगितल्यावर ती कुठे सापडेल, हे त्यांच्या डोळ्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं.

महाराष्ट्रात ही नजर पारध्यांच्या मुलांना माहीत आहे. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि जन्माला येणाऱ्या बाळासकट अख्ख्या जमातींवर गुन्हेगारीचा छाप मारला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला. कागदावरचा छाप पुसला गेला. पण वर्गात कुणाची पेन्सिल हरवली की अजून कुणाचं दप्तर आधी उघडलं जातं? चार वर्षांच्या मुलाला १८७१ चा कायदा ठाऊक नसतो. बाईंनी पेन्सिलचं नाव काढताच सगळ्यांची तोंडं आपल्याकडे का वळली, हे मात्र त्याला कळतं. बाकीच्या मुलांनाही कळतं, आणि पुढच्या खेपेला बाईंना काही बोलावंही लागत नाही.

वयाने मोठ्या मुलांवर याचा परिणाम काय होतो, ते कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या गावांत तपासलं. सहावी-सातवीतल्या मुलांना कागदावर चक्रव्यूह सोडवायला दिले. जात उघड केली नव्हती तेव्हा सवर्ण आणि दलित मुलांच्या कामगिरीत फरक दिसला नाही. सगळ्यांसमोर नाव आणि जात वाचून दाखवल्यावर दलित मुलांची कामगिरी ठळकपणे घसरली. मुलं तीच, बुद्धी तीच. जातीचा उच्चार तेवढा नव्याने झाला होता. अकरा-बारा वर्षांचा मुलगा एका वाक्याने एवढा खचतो, कारण त्या वाक्याचा अर्थ त्याने फार लहानपणी शिकलेला असतो.

तो कसा शिकवला जातो, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी साताऱ्याच्या शाळेतल्या आठवणीत लिहून ठेवलं आहे. बसायला वेगळं गोणपाट, तेही संध्याकाळी घरी न्यायचं आणि सकाळी परत आणायचं, कारण शाळा झाडणारा नोकर त्याला हात लावणार नाही. तहान लागली तर शिपायाने नळ सोडल्याशिवाय पाणी नाही. त्या शाळेने भीमरावांना अस्पृश्यतेवर धडा दिला नव्हता. गोणपाट आणि नळ एवढ्यानेच तो धडा पुरा झाला. आज असं गोणपाट कुठे उघडपणे दिसत नाही. पण दलित मदतनिसाने शिजवलेलं अन्न आमच्या मुलाला नको, म्हणून पालकांनी मुलं घरी नेल्याच्या बातम्या देशाच्या निरनिराळ्या भागांतून येत राहतात. त्या दिवशी जे मूल ताटावरून उठवलं जातं आणि जे ताटावर बसून राहतं, ती दोन्ही मुलं काहीतरी शिकतात.

भाषेबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण इथे सर्वात सज्जन माणसंही चुकतात. महाराष्ट्रातली सगळी मुलं मराठी बोलत अंगणवाडीत येत नाहीत. मेळघाटातलं मूल कोरकू बोलतं आणि कोरकू ही मुंडा कुळातली, मराठीशी दूरचंही नातं नसलेली भाषा. गडचिरोलीतलं मूल माडिया किंवा गोंडी बोलतं, त्या द्रविड कुळातल्या. सातपुड्यात पावरी, भिली. या मुलासमोर बाई तक्ता धरतात आणि विचारतात, ‘हे काय आहे?’ चित्रात पाणी आहे. पाण्याला गोंडीत एर म्हणतात आणि मुलाला ते पुरतं ठाऊक आहे. घरी ते रोज एर मागतं, एर भरलेला हंडा आईच्या डोक्यावर पाहतं. इथे मात्र ते गप्प राहतं. चार-सहा महिने असे गेले की नोंद होते: ‘बोलत नाही. समज कमी.’ ज्याला एक पूर्ण भाषा येते त्या मुलाला आपण मुकं ठरवतो, कारण त्याची भाषा आपल्याला येत नाही. यात अज्ञान कुणाचं?

मराठी बोलणाऱ्या मुलांचंही सगळं सुखाचं नाही. ‘मला पानी पायजे’ म्हणणाऱ्या मुलीला ‘पानी नाही, पाणी! नीट बोल!’ असं दहादा ऐकावं लागतं. वर्ग हसतो. तिला त्यातून ‘ण’ आला तर येतो, पण पाणी मागणं थांबतं. तिची आई, आजी, सगळी आळी ‘पानी’च म्हणते, म्हणजे सगळी चुकीचीच माणसं, असा निष्कर्ष ती काढते. फलटणला कमला निंबकर बालभवन ही शाळा उभी करणाऱ्या मॅक्सीन बर्नसन या मूळच्या भाषाशास्त्रज्ञ. फलटणच्या लोकांची बोली आणि तिच्यातले सामाजिक थर यांचा त्यांनी अभ्यास केला होता. भाषेतले थर ज्यांना उघड दिसतात अशा माणसाने लहान मुलांच्या शाळेत यावं, हे मला फार योग्य वाटतं. प्रमाण मराठी मुलांना यायलाच हवी, ती त्यांचा हक्क आहे. पण ती बोलीच्या जागी नको, बोलीच्या जोडीला हवी. बाईंनी ‘हो, देते हं तुला पाणी’ असं सहज म्हणावं, पेला द्यावा आणि पुढे जावं. मूल दोन्ही रूपं ऐकतं आणि वेळ आली की आपणहून वापरतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने किमान पाचवीपर्यंत शक्य तिथे घरच्या भाषेत शिक्षण असावं असं म्हटलं आहे. ‘शक्य तिथे’ या शब्दांत बरीच मुलं अडकून पडतात. वस्तीतलीच, ती भाषा बोलणारी सेविका नेमणं हा त्यावरचा सर्वात जवळचा उपाय आहे.

भाषेचाच आणखी एक भाग आपल्याकडे विशेष आहे. पालक अंगणवाडीच्या दारात येतात तेव्हा सरपंचांना ‘या, बसा, चहा घेणार?’ असतं आणि कातकरी बापाला ‘काय रे, चार दिवस पोरगं कुठं होतं?’ असतं. दोघांची मुलं आत बसलेली असतात. आपल्या बापाला बाई ‘तुम्ही’ म्हणतात की ‘तू’, हे ऐकायला तीन वर्षांचे कान पुरेसे आहेत. बापाचा मान राखायचा तर प्रशिक्षण लागत नाही, अनुदान लागत नाही. ‘तुम्ही’ म्हणायचं, सगळ्यांना, आणि हे उद्यापासून करता येतं.

शहरातल्या बालवाड्यांत भेद वेगळ्या रूपात येतो, पुष्कळदा उत्सवाचे कपडे घालून. फॅन्सी ड्रेसच्या दिवशी गोऱ्या मुलाच्या तोंडाला काजळ फासतात, डोक्याला पिसं आणि कमरेला पानं बांधतात, ‘आदिवासी’ म्हणून रंगमंचावर नाचवतात आणि तो भलतेसलते आवाज काढतो. पालक टाळ्या वाजवतात. त्याच शहरात बांधकामावर वारली, कातकरी, भिल्ल माणसं काम करत असतात. त्यांची मुलं त्या शाळेत नसतात, म्हणून हे चालतं. वर्षातून एक दिवस दुसऱ्याचा पोशाख, पदार्थ, नाच आणायचा आणि बाकीचे दिवस त्याचं नावही घ्यायचं नाही, याला अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ लुईस डर्मन-स्पार्क्स यांनी पर्यटक अभ्यासक्रम म्हटलं. ज्या मुलांना आदिवासींची ओळख करून द्यायची, त्यांना तारपा वाजवणारा माणूस आज कुठे राहतो, काय पिकवतो, त्याची मुलं कोणत्या शाळेत जातात, हे सांगावं. त्याला वर्गात बोलवावं, पाहुण्याचा मान द्यावा.

आणि रंगाचं काय? ‘स्किन कलर दे ना’ असं म्हणत आपली सावळी पोरं गुलाबीसर खडू मागतात. क्रेयोला कंपनीने १९६२ साली आपल्या ‘फ्लेश’ नावाच्या खडूचं नाव बदलून ‘पीच’ केलं, आपल्याकडे मात्र तोंडातलं नाव तेच राहिलं. केनेथ आणि मेमी क्लार्क या दांपत्याने १९४० च्या दशकात कृष्णवर्णीय मुलांसमोर काळी आणि गोरी बाहुली ठेवून ‘चांगली कोणती?’ असं विचारलं, तेव्हा बहुतेकांनी गोरी उचलली. या प्रयोगाचा आधार १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवताना घेतला. असाच प्रश्न आपल्या अंगणवाडीत विचारला तर काय उत्तर येईल, याचा अंदाज बारशाच्या दिवशी बाळाच्या रंगावर होणाऱ्या चर्चेवरून बांधता येतो.

मूल मोठ्याने विचारतं, ‘बाई, ही एवढी काळी का?’ आपण घाबरतो आणि म्हणतो, ‘श्शू, असं बोलू नये.’ झालं. काळं असणं ही बोलू नये अशी गोष्ट आहे, हे दोघांनाही कळलं. त्याऐवजी असं म्हणता येतं: ‘तिचे आई-बाबा सावळे आहेत, म्हणून तीही सावळी. तुझा हात बघू? माझा बघ. सगळ्यांचे रंग थोडे थोडे वेगळे आहेत. चल, आपण आपापल्या हाताचा रंग खडूंनी जुळवून बघू.’ चष्मा, कुबडी, कानातलं यंत्र, कुणाचे बाबा नसणं या सगळ्यांसाठी हीच पद्धत चालते: खरं उत्तर, साध्या आवाजात, त्या मुलाच्या देखत. मात्र कुणी चिडवलं, ‘तू काळी, तू आमच्यात नको’ असं म्हटलं, तर तिथे गोड समजुतीचं काम नाही. बाईंनी खेळ थांबवून ठाम सांगावं की इथे रंगावरून कुणालाही खेळातून काढायचं नाही. आणि ज्याला लागलं त्याच्याजवळ आधी जावं. आपण बहुतेक वेळा ज्याने लागेल असं बोललं त्यालाच आधी शिकवायला बसतो आणि रडणारं मूल तसंच राहतं.

एकत्र बसण्याने काय होतं, याचा चांगला पुरावा दिल्लीचा आहे. २००७ पासून तिथल्या अनेक श्रीमंत खासगी शाळांना पूर्वप्राथमिकपासून गरीब घरच्या मुलांना काही जागा द्याव्या लागल्या. अर्थतज्ज्ञ गौतम राव यांनी पुढे त्या शाळांमधल्या श्रीमंत मुलांची पाहणी केली. गरीब वर्गमित्र लाभलेली मुलं जास्त उदार झाली होती, आणि धावण्याच्या शर्यतीत जोडीदार निवडताना गरीब मुलाला डावलण्याचं प्रमाण त्यांच्यात कमी होतं. ज्या शाळांत अभ्यासाचे गट नावाच्या अक्षरक्रमाने पडत होते, तिथे योगायोगाने एकाच गटात आलेल्या मुलांवर परिणाम अधिक दिसला. नुसतं एका छपराखाली असून भागत नाही, शेजारी बसावं लागतं. शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के जागा महाराष्ट्रातही याच विचाराच्या आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलून सरकारी शाळेजवळच्या खासगी शाळांना त्यातून मोकळं केलं होतं. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला, हे फार बरं झालं. पण या जागांवर आलेल्या मुलांना वेगळ्या तुकडीत बसवलं तर कायदा पाळूनही तो मोडल्यासारखाच होतो.

तीन ते सहा वर्षांच्या मुलाला शिक्षणाचा हक्क मात्र अजून नाही. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे. त्याआधीच्या वयासाठी कलम ११ मध्ये सरकारने व्यवस्था करावी अशी मोघम तरतूद आहे. या वयाचा सगळा भार २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेवर, म्हणजे अंगणवाडीवर आहे. आणि अंगणवाडी सेविकेला सरकार पगार देत नाही, मानधन देते. ती कर्मचारी नाही, मानसेवी आहे असं सांगत राहते. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेविका आणि मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निर्णय दिला, तोही त्यांना लढून मिळवावा लागला. वजन करायचं, लसीकरणाला बायकांना गोळा करायचं, आहार वाटायचा, मोबाइलवर माहिती भरायची, निवडणुकीची कामं करायची आणि उरलेल्या वेळात मुलांना शिकवायचं. जिला स्वतःला कुणी शिक्षिका मानत नाही तिने प्रत्येक मुलाला मानाने वागवावं, अशी आपली अपेक्षा आहे. आश्चर्य हे, की पुष्कळ सेविका ती पुरी करतात.

म्हणून वाचकांना एक विनंती आहे. तुमच्या गावात, तुमच्या वस्तीत अंगणवाडी असणारच. एखाद्या सकाळी सेविकाताईंना विचारून तिथे तासभर जाऊन बसा. पाणी कोण कुठल्या पेल्याने पितं, कोण कुणाशेजारी बसतं, कुणाचं नाव पुरं घेतलं जातं आणि कुणाला नुसतं ‘ए’ म्हणतात, कोणतं मूल तासभर एक शब्दही बोललं नाही, ते पाहा. वहीत तक्रार लिहायला जाऊ नका, पाहिलेलं त्यांच्याशी बोला. त्यांची अडचण ऐका. खेळणी कमी असतील तर आणून द्या, वस्तीची बोली जाणणाऱ्या आजी गाणी शिकवायला हव्या असतील तर त्यांना घेऊन या. आणि जी वस्ती त्या अंगणवाडीपासून लांब पडते, जिथली मुलं येतच नाहीत, तिकडे ताईंसोबत एकदा चालत जा.